आधी मोजे काढा

पेशंट कुणीही असो, सर आधी त्याच्या पायाशी जायचे. इतर डॉक्टर उशाशी उभे राहतात, "कैसे हैं आप?" म्हणतात, छातीला स्टेथोस्कोप लावतात. सर पलंगाला वळसा घालून थेट पायथ्याशी. तिथे पांघरूण वर सारायचं आणि हुकूम सोडायचा, "मोज़े उतारिए." खोकून बेजार झालेल्या माणसाला वाटायचं, आपण भलत्याच डॉक्टरच्या हाती सापडलो. नातेवाईक एकमेकांकडे बघायचे. दिल्लीकडच्या जानेवारीत लोक एकावर एक दोन-दोन मोजे घालून दाखल होतात, तेव्हा ते सगळे उतरेपर्यंत राउंडवरची आम्ही मंडळी नाक मुठीत धरून उभी राहायचो, आणि हे मी अक्षरशः सांगते आहे.

मोजे उतरले की सर दोन्ही तळपाय हातात घ्यायचे. कुठला गार, कुठला ऊन ते बघायचे. अंगठ्याचं नख दाबून सोडायचं आणि पांढरं पडलेलं नख परत गुलाबी व्हायला किती वेळ घेतं ते डोळे बारीक करून पाहायचं. मग पोटऱ्या चाचपायच्या, आधी एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. बहुतेक वेळा काहीही सापडायचं नाही. सर हात धुवायचे, आणि त्यानंतर छातीकडे वळायचे. "छाती काय, सगळेच बघतात," असं त्यांचं म्हणणं. "छातीला लाड करून घ्यायची सवय झालेली असते."

गुडगावात तेव्हा शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. आमचं हॉस्पिटल त्यातलंच एक. बाहेर मोहरीची पिवळी शेतं, आत इटालियन संगमरवर, आणि वीज गेली की दोन्हींना एकाच जनरेटरची घरघर ऐकू यायची. जमिनी विकून गबर झालेले लोक आमचे पहिले पेशंट. असाच एक चौधरी फ्लू आणि न्यूमोनिया घेऊन भरती झाला. सोबत अर्धं गाव. सर त्याच्या पायाशी वाकले, पाय हातात घेतला, आणि चौधरीला काय वाटलं कोण जाणे, त्याने सरांच्या टकलावर हात ठेवून आशीर्वाद दिला, "जीते रहो, डॉक्टर साब." चौधरी सरांपेक्षा वीस वर्षांनी तरी लहान असेल.

"वो तो रहूँगा," सर मान वर न करता म्हणाले, "दूसरा पाँव दो."

सर मूळचे आपल्याकडचे. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे लहानपण दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरांत गेलं. सगळी उमेद एका सरकारी रुग्णालयात घालवली, निवृत्त झाले, आणि घरी बसवेना म्हणून या नव्या हॉस्पिटलात आले. मी पुण्याहून आलेली. शिकत असताना दिल्लीतल्या मुनिरक्यात एका खोलीत राहायचे, तिथे उन्हाचा आणि माझा कधी परिचय झाला नाही. रविवारी कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथिगृहात पोहे खायला जाणं ही माझी चैन. तिथेच सर पहिल्यांदा भेटले. ते वाढप्याशी भांडत होते, कारण पोह्यांत मटार होते. "मटार घातल्यावर याला पुलाव म्हणतात," ते त्याला मराठीत सांगत होते आणि तो गढवाली पोरगा "जी साहब" म्हणत होता. मग सरांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. मी चपला घातल्या होत्या.

"पुण्याची का गं तू?"

"हो. कसं ओळखलंत?"

"दिल्लीच्या जानेवारीत चपला घालून हिंडणारे एक तर साधू असतात, नाही तर पुण्याचे. साधू तर तू दिसत नाहीस."

पुढे त्यांच्याच हाताखाली नोकरी लागली, तरी मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. मी कायमची 'पुणेकर'. ऑपरेटरला सांगायचे, "पुणेकर को भेजो," आणि बिचारी ऑपरेटर माझं आडनाव पुणेकर समजून दिवाळीच्या मिठाईच्या डब्यावर तेच लिहायची.

त्या पायांमागे एक सिद्धांत होता. तो सांगायला त्यांना कोट लागायचा. सरकारी नोकरीच्या काळातला तपकिरी लोकरी कोट, बाहेरून अजून बरा, आतलं अस्तर मात्र विरून फाटलेलं. नातेवाईक विचारायचे, डॉक्टरसाहेब, रोग फुप्फुसात आणि तुम्ही पाय काय बघता? की सर खूश. कोट काढून त्या माणसाच्या हातात द्यायचे.

"बाहर से कैसा है?"

"बढ़िया है, साब."

"अब जेब में हाथ डालो."

माणूस खिशात हात घालायचा आणि त्याची बोटं भोकातून आरपार जाऊन कोटाच्या खालच्या शिवणीशी बाहेर यायची.

"समझे? कपड़ा ठीक, अस्तर गया. वायरस यही करता है. नसों के अंदर भी अस्तर होता है."

आम्हाला हेच जरा सविस्तर सांगत. फ्लूचा विषाणू श्वासातून फुप्फुसात जातो हे खरं. पण तिथे तो जी आग लावतो तिची धग अंगभरच्या रक्तवाहिन्यांना लागते. त्यांचं आतलं अस्तर गुळगुळीत आहे तोवर रक्त सुखाने वाहतं. ते सुजलं, खरबरीत झालं की रक्त अडखळतं, गुठळी धरतं. त्यात माणूस तापाने अंथरुणाला खिळलेला, पाय हलत नाहीत. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली की खेळ खलास, आणि आपण कागदावर न्यूमोनिया लिहून मोकळे. "फ्लूने मेला म्हणतात," सर म्हणायचे, "अरे, कुठल्या नळीने मेला ते तरी विचारा." हे सगळं त्या काळात वॉर्डात कुणी फारसं मनावर घेत नसे. माझ्याबरोबरचे डॉक्टर मागे 'मोज़ा साहब' म्हणत. मला मात्र ते पटत होतं, आणि पटत होतं हे मी उघड सांगायचे, कारण हळू बोलणं मला जमत नाही.

एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, कोटाचं अस्तर बदलून आणलं. चांगलं रेशमी, निळं. सर दोन दिवस घरात बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कात्री घेऊन त्यांनी खिशाला पुन्हा भोक पाडलं. "मी डॉक्टरशी लग्न केलं असं सगळ्यांना सांगते," काकू म्हणाल्या, "खरं म्हणजे उंदराशी केलंय."

मराठी बोलायला त्यांना हॉस्पिटलात मीच एक. घरी काकू होत्या, पण मुलगी दिल्लीतच वाढलेली. गोड मुलगी, एका परदेशी कंपनीत नोकरी करायची. तिचं मराठी म्हणजे मराठी क्रियापदावर हिंदीचं सामान लादलेलं. "बाबा, पंखा बंद कर ना यार, सर्दी होतेय," असं. सर शब्दांच्या बाबतीत चेंगट. रोज एक शब्द घेऊन माझ्याकडे यायचे. "पुणेकर, काल मुलीला 'पडजीभ' माहीत नव्हती. घशात आहे तिच्या, पण माहीत नाही." आणि एक दिवस राउंड चालू असताना मध्येच थांबून कानाशी आले. चेहरा असा, की मला वाटलं पेशंटचं काही गंभीर आहे.

"फ्लू काय करतो सांगू? छातीत शिरतो आणि शिरांत राहतो."

मी हसले. ते मनापासून सुखावले. "बघ," म्हणाले, "हा विनोद सांगायला आख्ख्या गुडगावात मला तू एकच माणूस मिळालीस. ही काय अवस्था आहे?"

पानिपतचीही एक गोष्ट आहे. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणे आले की त्यांना पानिपत बघायचं असतं. काकूंच्या माहेरची माणसं दर हिवाळ्यात यायची. सर त्यांना मारुतीत कोंबून घेऊन जायचे, रणभूमीवर उतरवायचे, ते तिथे उसासे टाकत असताना स्वतः बाजारात जायचे आणि ब्लँकेटं घेऊन यायचे. लालभडक, त्यावर बशीएवढी गुलाबाची फुलं. एका वर्षी त्यांनी ती पोतंभर आणून वॉर्डात वाटली. हॉस्पिटलचं ते सेंट्रल एअरकंडिशनिंग भर हिवाळ्यातही कुडकुडवायचं, आणि पेशंट पातळ पांढऱ्या पांघरुणात पाय पोटाशी घेऊन पडलेले असायचे. पाय मोकळे पडले पाहिजेत, हलले पाहिजेत, हा सरांचा आग्रह. मॅनेजर तरुण होता, टाय लावायचा. तो धावत आला. "सर, ये हमारी कलर स्कीम में नहीं है."

"पेशंट है?" सरांनी विचारलं.

"जी?"

"पेशंट कलर स्कीम में है? नीला पड़ रहा था, अब गुलाबी है. लिख लो."

ब्लँकेटं राहिली. मॅनेजरने एवढंच करून घेतलं, की बडे लोक येतील त्या मजल्यावर ती दिसू नयेत.

आता जे सांगायचं ते. दुसऱ्यांचे मोजे उतरवणाऱ्या या माणसाचे स्वतःचे मोजे कुणी उतरलेले पाहिले नव्हते. काकूंनी विणलेले तपकिरी लोकरी मोजे, पार गुडघ्यापर्यंत. घरीसुद्धा दिवाणावर मोजे घालूनच बसलेले. आणि पायांना हात लावायची तर कुणाची टाप नव्हती. तिकडे सगळे ज्युनिअर सणासुदीला मोठ्यांच्या पाया पडतात. कुणी वाकताना दिसलं की सर दोन पावलं मागे उडी मारायचे, "दूर से! दूर से!" लोकांना वाटायचं, काय हे पुढारलेले विचार, काय ही नम्रता. मलाही तसंच वाटत होतं. एका दिवाळीला मी त्यांच्या घरी वाकले, सर सोफ्याच्या मागे गेले, आणि काकू हातातला फराळाचा डबा खाली ठेवून हसायला लागल्या.

"अगं, नम्रता कसली? गुदगुल्या होतात त्यांना. भयंकर! लग्नात माझ्या बाबांनी यांचे पाय धुवायला घेतले, भटजी मंत्र म्हणतायत, सगळा मांडव गंभीर, आणि हे खो-खो हसतायत. बाबांनी तांब्या तसाच ठेवला. वर्षभर बोलले नाहीत यांच्याशी."

"तुम्ही जगाच्या पायाला हात लावता आणि..." मी म्हणाले.

"म्हणून तर लावतो," सर सोफ्यामागून म्हणाले, "मला माहीत आहे पाय किती शहाणा अवयव आहे."

पुढच्या हिवाळ्यात फ्लूची साथ फार जोरात आली. आमची ओपीडी जिन्यापर्यंत भरायची. आधी काकूंना ताप आला, त्या घरीच झोपल्या. मग सरांना. ते खोकत खोकत राउंड घेत राहिले, सांगून ऐकेनात, आणि एका सकाळी वॉर्डातच खुर्चीत बसले ते त्यांना उठताच येईना. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. आमच्याच आयसीयूमध्ये भरती केलं. तिथेही त्यांचा हेका चालू. सिस्टर मोजे काढायला गेली तर पाय आखडून घेतले. पांढरं पांघरूण फेकून दिलं आणि पानिपतचं लाल ब्लँकेट मागवलं. ऑक्सिजनचा मास्क लावलेला, ताप चढलेला, पण आवाजात जरब तीच. मग कुणी जोर केला नाही. मोठ्या डॉक्टरवर कोण जोर करणार? आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांची पांघरुणं उचलली, त्याचं पांघरूण उचलायला कुणी धजलं नाही.

दोनतीन दिवसांनी सकाळी मी खाली ओपीडीत असताना त्यांची मुलगी रांग तोडून माझ्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले.

"ताई, जरा वर येता का, प्लीज? बाबा फक्त मराठीत बोलतायत. हिंदी, इंग्लिश सगळं बंद झालंय. तिथे कुणालाच कळत नाहीये."

"काय म्हणतायत?"

"सिर दुखतंय म्हणतायत. सकाळपासून तेच, सिर, सिर. औषध दिलं, काही फरक नाही. सिस्टर डोकं चेपतेय तर तिच्यावर ओरडतात. मी चेपलं तर माझा हात झटकला. बाबा माझ्यावर कधी ओरडत नाहीत हो, ताई."

मी रांगेतल्या लोकांना थांबायला सांगितलं आणि तिच्याबरोबर वर गेले. आयसीयूचे प्रमुख दिल्लीचेच, हुशार माणूस, त्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे. त्यांनी पलंगाशी स्ट्रेचर लावून ठेवलं होतं. मला बघून म्हणाले, "सिरदर्द, चिड़चिड़ापन, भाषा बदल गई. ब्रेन में सूजन लग रही है. सीटी करवाते हैं, फिर कमर से पानी निकालेंगे." त्यांचं चूक म्हणता येणार नाही. समोर जे होतं त्याचा अर्थ तोच होत होता. श्वासही कालपेक्षा जास्त लागला होता, पण न्यूमोनियात श्वास लागणारच, असं सगळ्यांनी धरलं होतं.

सिस्टर केरळची, कामाला वाघीण. ती सरांचं कपाळ दोन्ही अंगठ्यांनी चेपत होती आणि सर मास्कच्या आतून गुरगुरत होते, "शीर... शीर!" ते जितके ओरडत तितकं ती बिचारी आणखी मन लावून चेपत होती.

मी कानाशी वाकले. "सर, पुणेकर आले. काय होतंय?"

त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं की नाही कळलं नाही. मास्कमधून आवाज आला, "शीर ओढतेय गं. केव्हाची ओढतेय."

डोकं दुखतं, ठणकतं, फुटतं, फिरतं. डोकं ओढत नाही. आणि डोकं असतं तर ते 'ओढतंय' झालं असतं, 'ओढतेय' नाही. ओढते ती शीर. हिंदीतली नस. सिस्टरच्या कानाला ते सिर, आणि दिल्लीत वाढलेल्या मुलीच्या कानालाही सिरच. ज्या घरात 'पडजीभ' हरवली होती त्या घरात शीरही केव्हातरी गळून गेली होती, आणि कुणाला पत्ता लागला नव्हता.

मी पलंगाला वळसा घातला. कितीदा ती वाट सरांच्या मागून चालले होते, त्या दिवशी पहिल्यांदा एकटी गेले. लाल ब्लँकेट वर सारलं. उजवा मोजा सहज निघाला. डावा निघेना, पोटरीवर रुतून बसला होता. सिस्टरकडून कात्री घेतली आणि काकूंनी विणलेला तो मोजा वरून खालपर्यंत कापला.

पाय उजव्याच्या दीडपट सुजलेला. तकतकीत, गरम. पोटरी लाकडासारखी घट्ट. अजून शंका राहू नये म्हणून मी दोन्ही तळपाय हातात घेतले, ते घ्यायचे तसेच, एक गार आहे का, दुसरा ऊन आहे का बघायला. आणि माझा हात उजव्या तळव्याला लागला मात्र, मास्कच्या आतून खो-खो आवाज यायला लागला. सर हसत होते. मास्क वाफेने भरून गेला.

"देखा?" प्रमुख चिंतेने म्हणाले, "अब हँस भी रहे हैं. ब्रेन ही है. चलो, जल्दी करो, शिफ़्ट करो."

वॉर्डबॉय स्ट्रेचरकडे वळले. मी पलंगाचा कठडा धरून आडवी उभी राहिले. इतकी खात्री मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे.

"सर, इन्हें गुदगुदी होती है. हमेशा से. दिमाग़ बिल्कुल ठीक है, बिल्कुल. ये सुबह से बता रहे हैं कि पाँव की नस खिंच रही है, और हम इनका सिर दबा रहे हैं. पहले टाँग का डॉप्लर कर लीजिए. क्लॉट है. हिलाने से छूट गया तो?"

प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुजलेल्या पायाकडे. त्यांनी वेळ घालवला नाही. "स्ट्रेचर हटाओ. मशीन यहीं लाओ," म्हणाले. रक्ताचा प्रवाह दाखवणारी ती सोनोग्राफी पलंगाशीच झाली. मांडीच्या शिरेपासून पोटरीपर्यंत गुठळी भरलेली होती. पडद्यावर जिथे रक्त वाहताना दिसायला हवं तिथे काहीच हलत नव्हतं. रक्त पातळ ठेवणारं औषध लगेच शिरेतून चालू झालं. सीटीचा कागद कुणीतरी घडी करून खिशात टाकला.

"अच्छा पकड़ा," प्रमुख मला म्हणाले.

"पकड़ा तो इन्होंने," मी म्हणाले, "मैंने सिर्फ़ ट्रांसलेट किया."

मुलगी कोपऱ्यात उभी राहून रडत होती. मी तिच्याजवळ गेले. "तू खाली आलीस म्हणून कळलं," मी तिला म्हणाले. "सगळे डोकं चेपत बसले होते, तू माणूस आणायला गेलीस." हे मी तिचं मन राखायला म्हणाले नाही. तसंच होतं ते.

पुढचे काही दिवस आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो. गुठळी सुटली असती तर काही हातात नव्हतं. मी ड्यूटी नसतानाही जाऊन पायथ्याशी उभी राहायचे. नख दाबायचे, सोडायचे, गुलाबी होताना बघायचे. ताप उतरला. श्वास सावकाश झाला. आणि एका सकाळी मास्क काढलेल्या अवस्थेत सर उशीला टेकून बसलेले दिसले. शेजारी मुलगी, आणि तापातून उठलेल्या काकू.

"माझा मोजा कुणी कापला?" पहिलं वाक्य हे.

"मी."

"उसवता आला असता. टाके एका बाजूने असतात." मग थोडा श्वास घेऊन, "सकाळपासून शीर शीर ओरडत होतो मी. तू दुपारी आलीस."

"सकाळीच आले, सर. ओपीडी टाकून."

"तरी उशीर." ते थांबले. तो विनोद येतो आहे हे मला त्यांच्या डोळ्यांत आधी दिसलं. "बघ, उशिरातसुद्धा शीर असते."

आख्ख्या गुडगावात तो विनोद कळणारी माणसं त्या खोलीत त्या दिवशी दोन होती, काकूंना धरून तीन. आम्ही तिघंही हसलो. मुलगी आमच्याकडे बघत राहिली.

"बाबा, शीर म्हणजे सिरच ना?"

"नस, नस! डोकं ते शिर, पहिली वेलांटी. नस ती शीर, दुसरी वेलांटी. साधी गोष्ट आहे."

"बोलताना वेलांटी दिसते का, बाबा?"

सर तोंड उघडून तसेच राहिले. इतक्या वर्षांत त्यांना निरुत्तर झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. काकू पदराआड हसत होत्या. त्यानंतर त्या केरळच्या सिस्टरने आपला नियम करून टाकला. मराठी पेशंट आला की ती आधी दोन्ही हातांनी खुणा करून विचारायची, "ऊपर वाला सिर, या नीचे वाला शीर?" मोजेही काढायची, न सांगता. मोजा साहब म्हणणारे बाकीचेही पायथ्याकडून सुरुवात करू लागले.

घरी जायच्या दिवशी सर पलंगाच्या कडेला बसले होते, पाय खाली सोडून. नवे मोजे काकूंनी अजून चढवले नव्हते. बाहेर मुलगी गाडी आणायला गेली होती. मी निरोप घ्यायला गेले आणि सवयीने लांबूनच हात जोडले. मग मलाच राहवलं नाही. त्यांच्या जाण्याच्या भीतीने मी इतके दिवस काय झाले होते ते त्यांना सांगायची सोय नव्हती. मी पुढे झाले आणि वाकले.

सर मागे सरले. पलंग होता, फार मागे जाता येईना. मग कोण जाणे काय वाटलं, त्यांनी दोन्ही हातांनी कठडा घट्ट पकडला, डोळे मिटले, दात आवळले आणि डावा पाय पुढे केला.

"कर," म्हणाले. "पण उशीर नको करूस."

मी पायाला हात लावला. पाय उबदार होता, नखं गुलाबी होती. सर क्षणभर थरथरत टिकून राहिले, आणि मग त्यांचा धीर सुटला आणि ते असे काही हसायला लागले की शेजारच्या पलंगावरचा पेशंटही हसू लागला, सिस्टर धावत आली, काकू डोळे पुसायला लागल्या. मी तरीही हात लगेच काढला नाही.